आक्कांचं नाक

आक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्या नवऱ्याला कॉटवरून उठवत होत्या.

मुलगी होऊन एक दिवस झाला होता. पोट चिरून बाहेर काढलेली मुलगी पाळण्यात निवांत झोपली होती. मी मात्र खोकला येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून पडले होते आणि नवरा कौतुकाने माझ्या पायाशी टेकला होता. तेवढ्यात दारातून आवाज आला, "उठा. बसमधून आलात ना? तीच पँट घालून माझ्या चादरीवर?"

नवरा ताडकन उठला. बेकरीत दोन माणसांचं पीठ एकटा मळणारा गडी, पण त्या आवाजापुढे त्याचं काही चाललं नाही. "स्टूल आहे तिथे," बाई म्हणाल्या. "आणि बाळाला हात लावण्याआधी हात धुवा. नळाखाली नुसते धरून दाखवायचे नाहीत. धुवायचे."

मला राग आला. माझ्या नवऱ्यावर ओरडायचा हक्क माझा, ही कोण? मी तसं म्हणणारही होते, पण ओरडायला पोट लागतं हे मला त्या दिवशी कळलं.

त्या हॉस्पिटलात सगळे त्यांना आक्का म्हणायचे. ठेंगण्या, रुंद, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखं मुळापासून कापलेली, हातात काही म्हणजे काही नाही. घड्याळसुद्धा ॲप्रनला उलटं टाचलेलं. एकतीस वर्षं त्या एकच काम करत होत्या: जखमा उघडायच्या, पुसायच्या, पुन्हा झाकायच्या. त्यांची ट्रॉली वॉर्डात शिरली की बायका आपोआप उताण्या व्हायच्या. ट्रॉलीचा रस्ताही ठरलेला होता. आधी कोरड्या, चांगल्या जखमांच्या खाटा आणि ज्या जखमेबद्दल शंका आहे ती सगळ्यात शेवटी. एकदा एका पेशंटच्या नातेवाईक बाईंनी "आमची आधी करा, आम्हाला घाई आहे," म्हटलं, तर आक्का म्हणाल्या, "तुमची शेवटीच. तुमच्याकडून निघून मी या सगळ्यांकडे जाऊ का?" मला मनातून फार बरं वाटलं. आपल्यापेक्षा तिखट माणूस भेटलं की मला आधी राग येतो आणि मग माया वाटते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी पट्टी काढली आणि खिशातून वीतभर दांड्याचा एक आरसा काढला.

"बघ," त्या म्हणाल्या.

"नको," मी म्हणाले.

"नको काय? तुझंच पोट आहे. वरून तुला दिसणार नाही, घडीखाली लपलंय. घरी गेल्यावर मी येणारे का रोज बघायला?"

मी डोळे किलकिले करून बघितलं आणि आधी भीती वाटायच्या ऐवजी मला हसूच आलं. मी शिवणकाम करते. बावीस वर्षांची झाल्यापासून मशिनवर बसतेय. माझ्या पोटावर कुणीतरी काळ्या दोऱ्याने सुट्या सुट्या गाठी मारून ठेवल्या होत्या, प्रत्येकीची शेंडी वर उभी.

"कुणी शिवलंय हे?" मी विचारलं. "एवढ्या गाठी कशाला? सरळ एक टीप मारायची की."

आक्कांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "टेलर आहेस होय? मग ऐक, टेलरबाई. एका दोऱ्यात शिवलं आणि मध्ये कुठे उसवायची वेळ आली, तर सगळंच सुटेल. सुट्या गाठी असल्या की हवी तेवढीच सोडता येते."

"उसवायची वेळ कशाला येईल?"

"नाहीच यायला पाहिजे," असं म्हणत त्यांनी काढलेला गॉजचा तुकडा उचलला, नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि बादलीत टाकला.

ते नाक म्हणजे त्या हॉस्पिटलातलं मोठंच प्रकरण होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने मला सगळी कथा सांगितली. आक्का कुठली पदवी घेऊन आलेल्या नव्हत्या, फरशी पुसायच्या कामाला लागल्या होत्या. एक दिवस फरशी पुसता पुसता त्यांनी एका खाटेकडे बोट दाखवून तेव्हाच्या म्हाताऱ्या सर्जनना सांगितलं, "साहेब, हिच्या पट्टीखाली बिघडलंय." सर्जन हसले. दुसऱ्या दिवशी पट्टी उघडल्यावर ते हसायचे थांबले आणि आक्कांच्या हातातला पोछा जाऊन तिथे चिमटा आला. तेव्हापासून राउंडला येणारा प्रत्येक डॉक्टर दारातूनच विचारायचा, "आक्का, नाक काय म्हणतं?" आणि नाक म्हणेल ते कागदावर लिहिलं जायचं.

पाचव्या दिवशी मला घरी सोडायचं होतं. आक्कांनी पट्टी काढली, टाक्यांच्या कडेने बोटांच्या मागच्या बाजूने हात फिरवला, एका जागी थोडा थांबवला, मग गॉज नाकाशी नेला. मला आठवतंय, त्या दिवशी त्यांनी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला होता. आमच्या डॉक्टरीणबाई, किरकोळ अंगाच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या, दारात फाईल घेऊन उभ्या होत्या.

"नाक काय म्हणतं, आक्का?"

"काही नाही म्हणतं," आक्का म्हणाल्या. "जाऊ दे घरी."

डॉक्टरीणबाईंनी तिथूनच सही केली. आठव्या दिवशी टाके काढायला या, म्हणाल्या.

घरी गेल्यावर माझं अंग कसकसायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, दूध उतरतंय, होतं असं. मीही तेच धरून बसले, कारण मला तेच हवं होतं. पुन्हा त्या जिन्यावरून खाली उतरायचं, पुन्हा बसचे धक्के, पुन्हा त्या हिरव्या भिंती, या विचारानेच मला रडू यायचं. टाक्यांच्या उजव्या टोकाला ओल लागत होती. आरसा घरात होता, कपाटाच्या दारावर चांगला मोठा होता, पण त्याच्यापुढे मी एकदाही उभी राहिले नाही. सासूबाईंनी मायेने तिथे बाळाची पावडर लावली, म्हणजे कोरडं राहील. पावडर ओलीत बसून तिचा गिलावा झाला. सातव्या दिवशी सकाळी मुलीला पाजायला घेतलं तर माझ्या अंगाच्या चटक्याने ती रडायला लागली. तेव्हा नवऱ्याने काही विचारलं नाही, सरळ रिक्षा आणली.

ड्रेसिंगच्या खोलीत आम्ही चौघं होतो. मी टेबलावर, नवरा माझ्या उशाशी, फरशी पुसणारी मावशी कोपऱ्यात आणि आक्का. सासूबाई बाळाला घेऊन बाहेर बसल्या होत्या. आक्कांनी पावडरीचा तो थर बघून "अरे देवा" म्हटलं, सलाईनच्या पाण्याने भिजवून भिजवून काढला आणि खालचा गॉज सोडवला.

वास खोलीभर झाला. माझा मलाच सहन होईना, मी तोंड फिरवलं. नवरा, जो आंबलेल्या पिठाच्या पिंपात डोकं घालून उभा राहतो, तो खिडकीकडे वळला. मावशीने पोछा थांबवून तोंडावरचा मास्क वर ओढला.

आक्कांनी गॉज नाकाशी नेला, डोळे मिटले आणि वाट बघत राहिल्या.

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत होतो. एवढ्या वासात उभी राहून ती बाई वासाची वाट बघत होती.

"आक्का," मी म्हणाले, "तुम्हाला येत नाही."

त्यांनी डोळे उघडले. नाही म्हणाल्या नाहीत. गॉज बादलीत टाकला, जखमेवर स्वच्छ कापड ठेवलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलवा. पळत जा." मावशीलाही बाहेर पाठवलं.

"अडीच महिने झाले," त्या म्हणाल्या. "ताप आला होता चार दिवस. ताप गेला तो नाक घेऊन गेला. घरी दूध करपून भांडं काळं झालं तेव्हा कळलं. म्हटलं येईल परत. आज येईल, उद्या येईल."

"आणि तोवर?" माझा आवाज चढला. दुखत होतं तरी चढला. "तोवर आमच्या पोटाशी खेळत होतात? पाचव्या दिवशी काही नाही म्हणालात! माझी पोर सहा पौंडांची आहे, आक्का. मला काही झालं तर तिला कोण बघणार होतं, तुमचं नाक?"

"ओरड," त्या म्हणाल्या. "ओरड, पण पोट घट्ट धरून ओरड."

मला आणखीनच राग आला, आणि रडूही. मी पोट घट्ट धरलं.

"बोटांना कोमट लागलं होतं," आक्का म्हणाल्या. "त्या उजव्या टोकाला. बोटांनी सांगितलं होतं मला. पण नाक गप्प होतं आणि एवढी वर्षं मी नाकाचंच ऐकत आले. बोटांचं ऐकलं नाही."

डॉक्टरीणबाई आल्या, मागोमाग नवराही. त्यांनी उजव्या बाजूच्या तीन गाठी कापल्या. बाकीच्या नऊ जागच्या जागी राहिल्या. मी ज्यांना हसले होते त्याच गाठी. आतलं जे काही होतं ते वाहून आलं, थोडंसं तपासायला एका नळीत घेतलं, हाताला सुई टोचली, इंजेक्शनं सुरू झाली. सगळं आवरून डॉक्टरीणबाई हातमोजे काढत होत्या तेव्हा आक्का पुढे आल्या. मला वाटलं होतं की मला सांगावं लागेल. गाठी कापल्या जात असतानाच मी वाक्यं जुळवत होते, चांगली धारदार. मला एकही वापरायला मिळालं नाही.

"मॅडम, हिचं माझ्यामुळे झालं," आक्का म्हणाल्या. "मला वास येत नाही. अडीच महिने. मी लपवलं."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे बादलीत टाकले.

"का लपवलंत?"

"बाकीच्यांकडे कागद आहे. माझ्याकडे नाकच होतं, मॅडम."

मला वाटलं बाई आता फाडून खातील. त्या स्टुलावर बसल्या. "जखम बिघडायची ती कितीही जपलं तरी कधी कधी बिघडते," त्या हळू म्हणाल्या. "ती तुम्ही बिघडवली नाहीत. पण ती पाचव्या दिवशी दिसली असती. आणि मी दारातून सही केली, आक्का. मी आत येऊन बघितलं नाही. आम्ही कुणीच बघत नाही आता, नुसतं विचारतो. वास येईपर्यंत थांबायचं म्हणजे तसाही उशीरच असतो. त्याआधी लाली असते, गरम लागतं, दुखणं कमी व्हायचं सोडून वाढतं." मग कपाळ चोळत म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही कपड्यांच्या खोलीत. बाकीच्यांची ड्रेसिंग सिस्टर बघतील."

आक्कांनी मान हलवली. ॲप्रनच्या खिशातून तो आरसा काढून ट्रॉलीवर ठेवला. ते बघून माझ्या आत काहीतरी भलतंच झालं. अजून मी रागातच होते, हे आधीच सांगून ठेवते. मी उदार वगैरे मुळीच नाही.

"नाही चालणार," मी म्हणाले. "माझं ड्रेसिंग यांनीच करायचं."

"अगं, पण..." नवरा म्हणाला.

"आमच्या धंद्यात जिच्या हातून कापड बिघडलं, तिच्याकडूनच ते नीट करून घेतात. दुसरीकडे देत नाहीत. यांनी हात झटकून चादरी मोजत बसायचं आणि मी दुसऱ्या कुणापुढे रोज पोट उघडायचं? मला नाही चालणार."

डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा आक्कांकडे बघितलं. "रोज मी स्वतः बघणार," त्या म्हणाल्या. "रोज. दारातून नाही." आणि तसं ठरलं.

पुढचे सहा दिवस मी तिथेच होते. माझी जखम आता शिवायची नव्हती, उघडी ठेवून आतून भरू द्यायची होती. मला वरून बंद करून टाका असं वाटायचं, पण आक्का म्हणाल्या, "ओला कापूस भरून उशीचं तोंड शिवशील का?" मी म्हणाले, नाही. "मग." रोज त्या सलाईनच्या पाण्याने जखम धुवायच्या, ओल्या गॉजची पट्टी हलक्या हाताने आत बसवायच्या, ठासायच्या नाहीत, वरून कोरडी झाकायच्या. मी दात आवळून पडून राहायचे आणि त्यांना अधूनमधून टोमणे मारायचे. त्या ऐकून घ्यायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी काढलेला गॉज चिमट्यात धरला, नाकाकडे नेता नेता मध्येच थांबल्या आणि माझ्या नाकापुढे धरला.

"तू सांग."

"ई! मी?"

"तुझं नाक शाबूत आहे ना? सांग कसा येतो."

मी श्वास घेतला. "घाण."

"घाण म्हणजे? तू कापड घेताना दुकानदाराला 'चांगलं' एवढंच सांगतेस का? नीट सांग."

मग मला नीट सांगावं लागलं. गोडसर आहे, सडक्या फुलांच्या पाण्यासारखा. दुसऱ्या दिवशी, गोडसर आहे पण कमी. चौथ्या दिवशी, नुसता रक्ताचा, लोखंडासारखा. आक्का ऐकायच्या, मान हलवायच्या आणि मग स्वतःचं काम करायच्या. बोटांची मागची बाजू आधी चांगल्या कातडीला लावायची, मग कडेला, गरम लागतंय का ते बघायला. लाली जिथपर्यंत होती तिथे त्यांनी पेनाने रेघ ओढली होती. रोज बघायच्या, लाली रेघेच्या आत सरकतेय की बाहेर पडतेय. रेघ ओढताना मी म्हणाले, "आमच्यात खडूने करतात." "मग काय, उद्यापासून खडू आणू?" त्या म्हणाल्या, आणि आठवडाभरात पहिल्यांदा आम्ही दोघी हसलो. मी पोट धरून हसले.

एकदा ड्रेसिंग करताना त्या आपणहून बोलल्या. मी काही विचारलं नव्हतं.

"माझी थोरली बहीण घरीच बाळंत झाली होती. मी चौदा वर्षांची. पाचव्या-सहाव्या दिवसापासून खोलीत वास होता. मला येत होता. सगळ्यांनाच येत असणार. पण लाज वाटते ना, असलं कसं बोलायचं, तेही बाळंतिणीबद्दल. मोठी माणसं खिडकी उघडायची आणि गप्प बसायची. मीही गप्प बसले. नवव्या दिवशी ताई गेली." त्यांनी चिमटा खाली ठेवला. "म्हणून पुढे मला वास आला की मी कुणालाही बोलायचे. सर्जनला बोलले, भल्याभल्यांना बोलले. आणि शेवटी माझ्याच बाबतीत गप्प बसले. ताईसमोर बसले होते तशी."

मी त्यांचा हात धरायला गेले.

"हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "धुतलेत."

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी स्वतः जखम बघितली, स्वतः हात लावला. गोळ्या पूर्ण संपवायच्या, बरं वाटलं तरी संपवायच्या, असं तीनदा बजावलं. आक्कांनी सासूबाईंना समोर बसवलं. मला वाटलं आता पावडरीवरून महाभारत होणार. पण आक्का त्यांना म्हणाल्या, "आई, तुम्ही मायेने लावली, मला कळतंय. आता मायेने काहीच लावायचं नाही. स्वच्छ पाणी, टिपून कोरडं, बस्स. आणि हिला ताप आला तर दूध उतरतंय म्हणायचं नाही, इकडे आणायचं." सासूबाईंनी निमूट मान डोलावली. आमच्या घरात त्यांना असं निमूट मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

रोज सकाळी नवरा भट्टीवरून आला की हात धुऊन, कपडे बदलून मला घेऊन हॉस्पिटलात जायचा. कपडे बदलायला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या पहिल्या दिवसाचा धाक अजून होता. तिथे माझं ड्रेसिंग व्हायचं आणि बाकीचा दिवस आक्का कपड्यांच्या खोलीत चादरी घड्या करायच्या. ते मला बघवायचं नाही. एकतीस वर्षं जखमा बघितलेले हात उशांचे अभ्रे मोजत होते. चूक झाली होती, मोठी झाली होती, माझ्या अंगावर झाली होती, तरी बघवायचं नाही. मी काय करू!

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस आम्ही गेलो तर कपड्यांच्या खोलीला कुलूप. सिस्टरला विचारलं तर तिने वॉर्डाकडे बोट केलं. वॉर्डात आक्का एका बाळंतिणीच्या खाटेपाशी उभ्या होत्या, हातात आरसा आणि शेजारी डॉक्टरीणबाई.

"नको," ती बाई म्हणत होती. "मला बघवत नाही."

"तुझ्यापेक्षा भित्री बघितलीय मी," आक्का म्हणाल्या. "टेलर होती. बघून हसायला लागली. हं, उघड डोळे. आता बोट पालथं कर, इथे लाव. कसं लागतंय? आता इथे लाव. सारखंच? शाब्बास. आता हा गॉज घे. ई करायचं नाही. घरी गेल्यावर रोज हेच करायचं आणि कुठलं एक जरी वेगळं वाटलं तर इथे यायचं. कुणाची लाज धरायची नाही. माझीसुद्धा नाही. मी सांगितलं असेल सगळं ठीक आहे, तरीही यायचं."

डॉक्टरीणबाईंनी मला दारात बघितलं. "घरी सोडायच्या आधी प्रत्येकीला आता हे शिकवायचं," त्या म्हणाल्या. "सही मी बघूनच करते. पण घरी गेल्यावर बघणार त्याच ना. आणि इतकं खडसावून दुसरं कुणी शिकवत नाही."

आक्कांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "थांब जरा," एवढंच म्हणाल्या. "तू शेवटी."

"मी शेवटी?" मी म्हणाले. "म्हणजे अजून शंका आहे होय?"

"शंका नाही. तुझ्याशी गप्पा मारत बसायला वेळ लागतो."

जखम भरत आली. खोल होती ती उथळ झाली, उथळ होती ती रेघ झाली. अडतिसाव्या दिवशी मी गेले तेव्हा मुलगी माझ्या कडेवर होती. सासूबाईंच्या गुडघ्याने त्या दिवशी संप केला होता, म्हणून तिला घरी ठेवता आलं नव्हतं. आक्कांनी पट्टी काढली, बोटं फिरवली, आरसा दिला, मग गॉज माझ्या नाकापुढे धरला.

"काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? नीट सांग."

"काही नाही म्हणजे काहीच नाही, आक्का. कोऱ्या कापडाचा येतो. ताग्यावरून नुकतं फाडलेल्या."

त्यांनी तो गॉज उलटापालटा करून बघितला. कोरडा होता. त्यांनी तो बादलीत टाकायला हात पुढे केला आणि तिथेच थांबल्या. मग टाकला आणि पाठ वळवून बराच वेळ हात धूत राहिल्या. हात तेव्हा इतके घाण नव्हते.

"उद्यापासून यायचं नाही," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

मला हे ऐकायचं होतं अडतीस दिवस. आता ऐकल्यावर मी मुलीचं झबलं उगाच सरळ केलं. "बरं," मी म्हणाले. त्या वळल्या. हात ओलेच होते, त्यांनी ते पुसले आणि माझ्या कडेवरच्या मुलीकडे बघितलं. एवढ्या दिवसांत त्यांनी तिला एकदाही घेतलं नव्हतं. बिघडलेली जखम हाताळून बाळाला हात लावायचा नाही, हा त्यांचाच नियम होता.

"देऊ?" मी म्हणाले.

त्यांनी ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि तिला घेतलं. डोकं हनुवटीखाली धरलं आणि नाक तिच्या जावळात खुपसलं. डोळे मिटले. मी बघत होते, आणि मला माहीत होतं की त्या वाट बघताहेत.

"हजारो पोरं झाली इथे," त्या हळूच म्हणाल्या. "प्रत्येकाचं डोकं हुंगलं मी. जखमा झाल्या की जायचे पाळण्यांकडे. तेवढंच माझं." मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "कसा येतो गं?"

मी जवळ गेले आणि माझंही नाक त्याच डोक्याला लावलं, दुसऱ्या बाजूने.

"थांबा, नीट सांगते," मी म्हणाले. "आधी दूध येतं. थोडं आंबूस, मानेच्या घडीत सांडलेलं. पुसलं होतं मी, पण राहिलंय. मग गरम कपड्यासारखा येतो, इस्त्री फिरवून लगेच अंगात घातलेल्या. आणि त्याच्या मागे पावाचा. हा तिच्या बापाचा आहे, सकाळी भट्टीवरून येऊन पहिल्यांदा तिलाच घेतो. हात धुऊन घेतो, आक्का."

"धुऊन ना?"

"धुऊन. नळाखाली नुसते धरून नाही."

"मग?"

"मग काही नाही. मग नुसता तिचाच येतो. तो मला सांगता येत नाही."

"प्रयत्न कर," आक्का म्हणाल्या.

मी प्रयत्न करत राहिले, आणि त्या तिला तशाच धरून ऐकत राहिल्या.